फोटो छापता, तसं तो येतो कुठून तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा आपल्या पेपरात जेम्स वेब दुर्बिणीचा फोटो आला होता, आमच्या मुलांनी तो कापून फळ्याशेजारी चिकटवला, बघून खूप बरं वाटलं. पण खाली ओळ एवढीच की 'नासाने टिपलं विश्वाचं अद्भुत रूप'. मी तालुक्याच्या गावात ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो आणि ही ओळ मला दर वेळी टोचते, कारण ज्या संस्थेतून हे सगळं चालतं तिचं नाव मराठी पेपरात माझ्या तरी वाचनात आलेलं नाही, आणि आपल्या पोरांच्या खऱ्या उपयोगाचं जे आहे ते तिथंच आहे.

अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आवारात, स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूट आहे, १९८१ पासून. काम नासासाठी, पण चालवते विद्यापीठांची संघटना. हबल या जुन्या अवकाश दुर्बिणीनं आणि वेबनं कुठं, कधी, किती वेळ बघायचं ते वेळापत्रक इथं बनतं, वेबला तर आज्ञासुद्धा इथल्याच कंट्रोल रूममधून जातात, आणि दुर्बीण आहे १५ लाख किलोमीटर लांब. १९९० मध्ये हबल वर गेली आणि फोटो धूसर यायला लागले, आरसा कडेला जेमतेम २ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे दोन हजारांश, जास्त घासला गेला होता, तेव्हा उपाय शोधायला तज्ज्ञांना एकत्र बसवलं ते याच संस्थेनं. १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती केली हे बहुतेकांना माहीत असतं, खाली बसून डोकं लावणारे मात्र कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

मला सगळ्यात भावते ती १९९५ ची गोष्ट. संस्थेचे संचालक होते रॉबर्ट विल्यम्स, संचालकाला हबलचा थोडा वेळ स्वतःच्या निर्णयानं वापरता येतो, तर त्यांनी ठरवलं की सप्तर्षीतल्या एका जवळजवळ रिकाम्या तुकड्याकडे दहा दिवस बघत बसायचं! तुकडा केवढा, तर शंभर मीटरवर ठेवलेल्या टेनिस बॉलएवढा. मोठमोठ्या लोकांनी सांगितलं की काही दिसणार नाही, वेळ फुकट जाईल, नुकती दुरुस्त झालेली दुर्बीण, उगाच नाचक्की होईल. तरी त्यांनी केलं, ३४२ फोटो जोडले आणि त्या रिकाम्या जागेत सुमारे ३,००० दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह, निघाल्या. आणि मग त्यांनी तो सगळा डेटा लगेच जगाला देऊन टाकला, आधी आम्ही वापरतो मग तुम्ही, असं केलं नाही. मला हे दीर्घिकांपेक्षाही मोठं वाटतं.

ती सवय संस्थेनं सोडलेली नाही. काही डेटा लगेच खुला होतो, बाकीचा ज्यानं प्रस्ताव देऊन दुर्बिणीचा वेळ मिळवला त्याला काही महिने, वेबच्या बाबतीत साधारण वर्षभर, आणि मग 'मास्ट' नावाच्या त्यांच्या संग्रहात सगळ्यांसाठी, एक पैसा न घेता. पुण्यात एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या असल्याच खुल्या डेटातून एक सर्पिल दीर्घिका शोधली, विश्व १५० कोटी वर्षांचं होतं तेव्हाची, दोन हात स्पष्ट दिसणारी, एवढ्या लवकर अशी घडी बसलेली असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. नाव दिलं अलकनंदा. आपली आकाशगंगा मंदाकिनी, म्हणून तिची बहीण अलकनंदा. किती सुंदर! आणि त्यासाठी त्यांना दुर्बिणीचा वेळ मागत बसावं लागलं नाही.

वेळ मागायचा तरी दार सगळ्यांना सारखं आहे. वेबच्या तिसऱ्या फेरीला १,९३१ प्रस्ताव आले, नऊ तास मागितले तर एक मिळेल अशी गर्दी, पण २०१८ पासून हबलसाठी आणि वेबसाठी पहिल्यापासूनच परीक्षकांना प्रस्ताव कुणाचा ते सांगत नाहीत, बोर्डाच्या पेपरवर नाव नसतं फक्त नंबर असतो तसं. पहिल्याच वर्षी बायकांच्या प्रस्तावांना यश मिळण्याचं प्रमाण पुरुषांच्या पुढं गेलं, आधी कित्येक वर्षं उलट होतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी अकरावीच्या दोन मुलींना लॅबच्या जुन्या कॉम्प्युटरवर मास्टमधून वेबची फाइल उतरवून दिली. उघडली तर काळीपांढरी, त्या हिरमुसल्या, सर मग पेपरातला रंगीत फोटो खोटा का? मग बसून समजावलं की वेब जो प्रकाश बघते तो बहुतेक डोळ्याला दिसतच नाही, वेगवेगळ्या फिल्टरमधून घेतलेल्या चित्रांना रंग देतात, लांब लहरींना तांबडा, आखूड लहरींना निळा, खोटं काही नसतं. संध्याकाळपर्यंत दोघींनी तीन फिल्टर जोडून स्वतःचं रंगीत चित्र केलं, शिपाई कुलूप लावायला आला तरी उठेनात.

म्हणून विनंती आहे की पुढच्या वेळी असा फोटो छापाल तेव्हा खाली अजून दोन ओळी द्या, कुठले फिल्टर, निरीक्षण कुणाचं, आणि मूळ डेटा कुणालाही फुकट मिळतो हे. जागा कमी असेल तर बाकीचं राहू द्या, पण शेवटचं तेवढं नक्की छापा, आमच्याकडं पेपर सकाळी साडेनऊला येतो आणि मुलं तो खरंच वाचतात.

आपला,
एक शिक्षक वाचक, जि. सोलापूर