मिठागराच्या बांधावरून

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
१४ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले, "दर शनिवारी चिखलात जातेस, त्याचे ते लोक काही देतात का?" मी 'नाही' म्हणाले आणि विषय तिथेच राहिला. पण बाबा, त्या प्रश्नाला एवढे उत्तर पुरत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमच्या घरापासून जवळच, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण काठाने, डॉन एडवर्ड्स राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य पसरलेले आहे. सुमारे ३०,००० एकरांचे. तिथेच मी शनिवारी स्वयंसेवक म्हणून काम करते. अभयारण्य म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे जंगल येईल, पण इथे झाड दिसणे कठीण. आहे ते खाजण, चिखल आणि मिठागरे. मी पहिल्यांदा त्या बांधावर उभी राहिले तेव्हा ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाचा वास आला आणि भाईंदरला आजोबांच्या आगरात सुट्टीत जात होतो ते दिवस आठवले. फरक एवढाच, की इथला एकेक वाफा शेकडो एकरांचा असतो. या उपसागराकाठी १८५४ पासून मीठ पिकवले जाते; त्यासाठी बांध घातले गेले, भरतीचे पाणी अडले आणि दक्षिणेकडचे बहुतेक खाजण नाहीसे झाले.

"हे सरकारचे काम, तुम्ही कशाला करायचे?" असेही तुम्ही म्हणालात. बाबा, हे अभयारण्य मुळात रहिवाशांनी मागून घेतलेले आहे. उपसागराचा काठ भराव घालून बुजवला जात होता, त्या काळात आसपासच्या गावांतल्या साध्या माणसांनी सभा घेतल्या आणि आपल्या लोकप्रतिनिधींना गाठले. त्यांपैकी डॉन एडवर्ड्स यांनी हा प्रश्न इथल्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, लावून धरला आणि १९७२ मध्ये कायदा झाला. पुढे फ्लॉरेन्स लारिव्हिएर आणि त्यांचे पती फिलिप यांनी इतर रहिवाशांना बरोबर घेऊन अभयारण्य पूर्ण करण्यासाठी समिती उभी केली आणि १९८८ मध्ये ते ४३,००० एकरांपर्यंत वाढवण्यास मंजुरी मिळवली. ती सगळी जमीन अजून ताब्यात आलेली नाही, पण अभयारण्याच्या कार्यालयासमोरच्या खाजणाला लारिव्हिएर यांचे नाव आहे आणि तिथून जाताना मला दर वेळी त्यांच्या चिकाटीपुढे हात जोडावेसे वाटतात.

२००३ मध्ये मिठाच्या कंपनीकडून दक्षिण उपसागरातली १५,१०० एकर मिठागरे सरकारने घेतली आणि त्यांचे खाजण परत घडवण्याचे काम सुरू झाले. २००६ मध्ये अल्विसोजवळच्या तीन वाफ्यांचे बांध फोडले. भरती आत शिरली, प्रत्येक भरतीबरोबर गाळ आला, तळ हळूहळू वर आला आणि पाण्याबरोबर वाहून आलेल्या बियांतून पिकलवीड नावाची खारट, मांसल वनस्पती आपोआप रुजली. सगळेच वाफे असे फोडत नाहीत, कारण कित्येक पाणपक्षी उथळ वाफ्यांत चरतात आणि स्नोई प्लोव्हर कोरड्या पडलेल्या तळावर अंडी घालतो. काय फोडायचे आणि काय राखायचे, हे ठरवणे मला या कामातले सर्वांत अवघड वाटते.

आम्हा स्वयंसेवकांचे काम बांधाच्या उतारावर असते. पिकलवीडमध्ये एक तांबूस उंदीर राहतो, जगात फक्त याच उपसागराच्या खाजणांत. तो खारे पाणीही पिऊ शकतो. डिसेंबर-जानेवारीत सर्वांत मोठी भरती येते तेव्हा सगळे खाजण बुडते आणि त्याला उतारावर चढावे लागते. उतार उघडा असेल तर बगळे आणि ससाणे त्याला टिपतात. म्हणून आम्ही तिथले तण काढतो आणि इथलीच झुडपे लावतो. आई, तुला नवल वाटेल, पण या तणात सर्वांत हट्टी म्हणजे मोहरी! रान माजल्यासारखी डोक्याएवढी वाढते, उन्हाळ्यात वाळून जाते आणि आडोसा उरत नाही. ओल्या मातीतून मुळासकट उपटली की मुळाला तोच झणझणीत वास येतो. फोडणीपुरती चिमूटभर घेणारी मी, इथे पोती भरते.

पहिल्या वर्षी मी लावलेली बरीच रोपे मेली, कारण चिकणमातीची ढेकळे न फोडताच मी खड्डे बुजवले होते आणि मुळांशी पोकळी राहिली. आता ढेकूळ हातांत कुस्करून, कणकेसारखे दाबून बसवते. मागच्या शनिवारी मोठी भरती होती, म्हणून काम न करता आम्ही लांबून नुसते पाहत उभे होतो. पाणी उताराला लागले होते. गटप्रमुख बाईंनी हात वर केला आणि आम्ही सगळे गप्प झालो. गमप्लांटच्या झुडपाखाली, पाण्यापासून वीतभर अंतरावर, रिजवेज रेल नावाचा एक पक्षी अंग चोरून बसला होता: कोंबडीएवढा, छाती दालचिनीच्या रंगाची, चोच लांब. त्या ओळीतली झुडपे आमच्या गटाने लावलेली आहेत. बाबा, हे ते लोक मला देतात.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये तुम्ही दोघे याल तेव्हा आपण तिथे जाऊ. कार्यालयाजवळचा रस्ता सपाट आहे, बाके आहेत, आईच्या गुडघ्याला त्रास होणार नाही.

तोपर्यंत बाबांकडे एक मागणे आहे. आजोबांचे आगर बंद पडल्यावर बांध आपोआप फुटला आणि काही वर्षांत तिथे तिवरे परत आली, असे तुम्ही मला लहानपणी सांगितले होते. बांध नेमका कुठून फुटला, पाणी आधी कुठे शिरले आणि तिवरांच्या आधी तिथे काय उगवले, हे आठवेल तसे लिहून पाठवा. लिहायला जमत नसेल तर आईला सांगा, ती लिहील. मला ते इथल्या लोकांना वाचून दाखवायचे आहे.

तुमची लाडकी,
मीरा