श्रेय उपाहारगृहाला, कष्ट सुईणींचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत थायलंडच्या लोकसंख्येविषयी आलेला दोन पानी लेख मी काल दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकाने वाचला आणि दुसऱ्यांदा चष्मा पुसून, आपल्या नजरेतून काही सुटले की काय हे पाहण्यासाठी. काही सुटले नव्हते. लेखात कंडोमचा उघड प्रचार करणारे तेथील कार्यकर्ते मेचाई वीरवैद्य यांचे नाव ११ वेळा आले आहे, बँकॉकमधील त्यांच्या उपाहारगृहाचे रंगीत छायाचित्र अर्धे पान व्यापून बसले आहे, आणि ज्या बायकांनी खेडोपाडी गोळ्यांची पाकिटे प्रत्यक्ष दुसऱ्या बायकांच्या हातात ठेवली त्यांची बोळवण ‘आरोग्य यंत्रणा’ या दोन शब्दांत झाली आहे. मी स्वतः ३४ वर्षे आपल्याकडच्या अशाच यंत्रणेचा एक खिळा होते, आधी एएनएम (साहाय्यक परिचारिका-सुईण) आणि पुढे आरोग्य सहाय्यिका म्हणून, त्यामुळे हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही.

मेचाईंचे काम कमी लेखण्याचा माझा हेतू मुळीच नाही. भाजीबाजारात कोबी मिळतो तितक्या सहज कंडोम मिळाला पाहिजे, हे चारचौघांत हसत हसत सांगायला धाडस लागते, आणि १९९४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना उगाच मिळालेला नाही. जेवणानंतर गिऱ्हाइकासमोर आपल्याकडे बडीशेप ठेवतात तसे तिथे कंडोम ठेवतात, ही गंमत वाचकांना आवडणार, हेही मला कळते. पण त्यांच्या कुटुंबनियोजन संस्थेचे काम १९७४ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी चार वर्षे, १९७० मध्येच, थाई सरकारने साहाय्यक सुईणींना गर्भनिरोधक गोळ्या देण्याची मुभा दिलेली होती, आणि त्या मुभेमागे कोणतीही घोषणा नव्हे तर एक अत्यंत साधे, जवळजवळ कंटाळवाणे वाटावे असे संशोधन होते. लेखकमहाशयांना ते कंटाळवाणे वाटले असावे, कारण त्यांनी त्याचा उल्लेखही केलेला नाही.

१९६० च्या दशकात थाई बाईला सरासरी सहाहून अधिक मुले होत. रत्चबुरी प्रांतातील पोथारम तालुक्यात १९६४ पासून जे काम झाले, त्यातून एवढे स्पष्ट झाले होते की बायकांना साधने हवी होती. ती देणारे कोणी जवळपास नव्हते. डॉक्टर होते, पण बहुतेक सगळे बँकॉकमध्ये, आणि गोळी मात्र डॉक्टरनेच लिहून द्यायची. तेव्हा थाई आरोग्य मंत्रालयात सल्लागार असलेले अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ ॲलन रोझेनफील्ड आणि त्यांचे थाई सहकारी यांनी सुईणींसाठी प्रश्नांची एक यादी तयार केली. डोळे किंवा कातडी कधी पिवळी झाली होती का, स्तनात गाठ लागते का, पाय सुजतात किंवा फार दुखतात का, छातीत जोराने कळ येते का, थोड्या कामाने दम लागतो का, डोके असह्य दुखते का, संबंधानंतर रक्त जाते का, अशा तऱ्हेचे हे प्रश्न होते. सगळ्यांचे उत्तर ‘नाही’ आले तर सुईणीने गोळ्या द्यायच्या आणि एकाचेही ‘हो’ आले तर बाईला डॉक्टरकडे पाठवायचे. काही प्रांतांत हे करून पाहिले, तेव्हा गोळ्या मागायला येणाऱ्या बायकांची संख्या झपाट्याने वाढली आणि घेतलेल्या गोळ्या मध्येच सोडणाऱ्यांचे प्रमाण डॉक्टरांकडून नेणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले नाही. मग ही मुभा देशभर लागू झाली. थायलंडचा जननदर एका पिढीच्या आत दोनाच्या आसपास आला, त्याची अनेक कारणे असतील, मुलींचे शिक्षण हे त्यांतले एक मोठे कारण, पण गोळीचे पाकीट घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आले हे त्या कारणांमध्ये वरचे आहे, असे माझे मत आहे.

हे मत मी पुस्तके वाचून बनवलेले नाही. १९८३ मध्ये मी सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका उपकेंद्रात होते. मुंबईच्या गिरणी संपाचे दुसरे वर्ष चालू होते आणि एरवी गणपती आणि शिमग्याला चार दिवस येणारी पुरुषमाणसे महिनोन्‌महिने गावात बसून होती. त्याचा परिणाम काय होणार हे सरकारला ठाऊक नसले तरी गावातल्या बायकांना पुरते ठाऊक होते. त्यांपैकी एक माझ्याकडे गोळ्या मागायला आली. वय २४, दोन मुली, पाठीवरचा मुलगा दीड वर्षाचा. नसबंदीचे ऑपरेशन तिला नको होते, कारण आळीतले एक पोर गोवरात गेले होते आणि ‘एवढा गोवर निघून जाऊ दे, मग बघू’ असे तिचे सरळ गणित होते. माझ्या लोखंडी ट्रंकेत गोळ्यांची पाकिटे होती. परंतु पहिले पाकीट डॉक्टरांनी तपासल्याशिवाय द्यायचे नाही, असा आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांचा हुकूम होता. लेखी नव्हता, तोंडी होता, आणि तोंडी हुकूम मोडणे हे लेखी मोडण्यापेक्षा अवघड असते.

केंद्र ११ किलोमीटरवर, एसटी दिवसातून दोन वेळा. ती पहिल्यांदा गेली तेव्हा साहेब जिल्ह्याला मीटिंगला गेलेले होते. दुसऱ्यांदा गेली तेव्हा ऑपरेशनांचा कॅम्प चालू होता आणि गोळीवाल्या बाईकडे पाहायला कोणालाही सवड नव्हती. तिसऱ्यांदा साहेब भेटले आणि त्यांनी तिला विचारले की तीन मुले झाली आहेत तर गोळ्या कशाला, ऑपरेशनच करून टाक. मार्चएंड जवळ आला होता आणि केंद्राला वरून ठरवून दिलेल्या ऑपरेशनांच्या टार्गेटला अजून बऱ्याच केसेस कमी पडत होत्या, हे तिला कसे कळणार? ती माझ्याकडे येऊन एवढेच म्हणाली, “बाई, म्यां आता न्हाय जायाची. त्यो डाक्टर गोळी देतच न्हाय, आपरेशनच करू म्हंतो.” पुढच्या वेळी ती आली ती चौथ्या महिन्यात, नाव नोंदवायला. त्याच वर्षी मी ट्रंकेतली ४० पाकिटे स्टॉक रजिस्टरमध्ये ‘मुदतबाह्य’ म्हणून लिहिली आणि खाली सही केली.

पुढे कित्येक वर्षांनी माझी भाची मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेत शिकायला होती. ही संस्था १९५६ पासून आशियातल्या निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासकांना शिकवीत आली आहे, आणि आपल्या लेखात तिचाही पत्ता नाही. भाचीने थायलंडच्या त्या प्रयोगावरील निबंधाची झेरॉक्स मला दाखवली आणि एकेक प्रश्न मराठीत सांगितला. त्या बाईची त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे मला १९८३ मध्येही तोंडपाठ होती. तिची बाळंतपणे मी केलेली होती, तिचे पाय, तिचे डोळे, तिचा दम, सगळे मला माहीत होते. आमच्याकडचे टार्गेट १९९६ मध्ये गेले, पण तोवर माझी निम्मी नोकरी संपली होती.

जाता जाता आणखी एक गोष्ट. लेखातील चौकटीत ‘भारत विरुद्ध दक्षिणपूर्व आशिया’ अशी जी तुलना दिली आहे, ती जागतिक आरोग्य संघटनेच्या दक्षिणपूर्व आशिया विभागाच्या आकड्यांवर बेतलेली आहे, असे तळटीप सांगते. त्या विभागाचे कार्यालय दिल्लीत आहे. भारत, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका त्यात येतात. व्हिएतनाम, मलेशिया, फिलिपाइन्स, सिंगापूर येत नाहीत, आणि इंडोनेशियाही २०२५ मध्ये त्यातून बाहेर पडला. या विभागातील दोन तृतीयांशांहून अधिक लोक भारतीय आहेत. म्हणजे आपण भारताची तुलना बहुतांशी भारताशीच केली आणि वर ‘आपण मागे का?’ असा मथळाही दिला. हे कोणी तपासले असेल तर त्यांचे अभिनंदन.

लेखाच्या शेवटी, थायलंडमध्ये आता २०२१ पासून जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होत आहेत आणि वर्षाचे जन्म पाच लाखांच्याही खाली गेले आहेत, म्हणून तेथील स्त्रियांना अधिक मुलांसाठी ‘प्रवृत्त’ करावे, असा सल्ला आहे. हा ‘प्रवृत्त’ शब्द आमच्या खात्यात फार चालत असे आणि तो कानावर पडला की बायका मागच्या दाराने निघून जात. सिंगापूरने १९७० च्या दशकात दोनवर थांबा म्हणून सांगितले, १९८७ पासून परवडत असेल तर तीन किंवा अधिक होऊ द्या म्हणून सांगितले, आणि आज तेथील जननदर एकाच्याही खाली आहे. व्हिएतनामने दोन मुलांचा नियम २०२५ मध्ये उठवला आहे. तिथल्या बायका त्यावर काय ठरवतात ते दिसेलच, पण लेखकमहाशयांनी त्यांना आधीच उपदेश करून ठेवू नये.

छापून झालेले छायाचित्र आता बदलता येणार नाही, हे मी समजू शकते. मागे लसीकरण मोहिमेविषयी मी पाठवलेल्या पत्रातील ‘एएनएम’ हा शब्द काढून आपण तिथे ‘संबंधित कर्मचारी’ असे घातले होते, तसे या वेळी कृपया करू नये. जागेअभावी कात्री लावायचीच असेल तर उपाहारगृहाविषयीची माझी वाक्ये कापावीत आणि सुईणींच्या प्रश्नांची यादी आहे तशी छापावी.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका,
जि. सातारा