तेवढं भरून निघालं की

कसबा पेठ, पुणे
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

गौरी जेवल्या त्या दिवशी तू पान अर्धं टाकून उठलास, त्याला आज आठ दिवस झाले. विसर्जन झालं, ग्रहण झालं, पितृपक्ष बसला, मखर सोडवून माळ्यावर गेलं, तरी घरात कुणी त्या दिवसाचं नाव काढत नाही. बाबा पेपर वाचतात. मी फोनवर ‘जेवलास का’ एवढं लिहिते, दोन निळ्या खुणा उमटतात आणि उत्तर येत नाही. म्हणून शेवटी कागद घेतला. ताई शनिवारी वाकडला येणार आहे, तिच्याजवळ देते. भांडायला लिहीत नाही. ऑनलाइन पोकरमध्ये किती पैसे गेले तेही विचारणार नाही. आणि गॅलरीत तू फोनवर जे म्हणालास त्याबद्दल तर अजिबात लिहायचं नाही, असं ठरवून बसले आहे.

आपला मेंढीकोटचा कॅट आठवतो का? महाबळेश्वरला घेतलेला, इस्पिकची सत्ती हरवलेला आणि तिच्या जागी जोकरवर बाबांनी निळ्या पेनने ‘इ ७’ लिहिलेला. तो काढला. गेल्या दिवाळीत तू मला पोकर शिकवलं होतंस ना, दोन पत्ते हातात आणि पाच टेबलावर. म्हणाला होतास, आपल्याकडे एक्क्यांची जोडी आणि समोर राजांची जोडी असेल, तर शंभरात साधारण ८२ वेळा एक्के जिंकतात. मला ते माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. तीन रात्री, बाबा झोपल्यावर, ओट्याशेजारच्या टेबलावर एका बाजूला दोन एक्के, दुसऱ्या बाजूला दोन राजे मांडले. उरलेले ४८ पिसायचे, पाच उघडायचे, आणि कामावर मारायचे तसं चौकटीच्या वहीत टिंब मारायचं. पन्नास डाव केले. एक्के ४१ वेळा जिंकले, ९ वेळा हरले. तुझं गणित बरोबर होतं, तुझं गणित नेहमीच बरोबर असतं. पण त्या नऊतले तीन लागोपाठ आले, तेविसावा, चोविसावा, पंचविसावा. दोनदा राजा उघडला आणि राजे तीन झाले, तिसऱ्यांदा चार बदाम उघडले आणि बदामचा राजा समोरच बसलेला, म्हणजे त्यांचे एका रंगाचे पाच झाले.

पैसे लावलेले नव्हते. समोर कुणी नव्हतं, दोन्ही हात माझेच. तरी पंचविसाव्या डावानंतर माझे कान गरम झाले. सव्विसाव्याला मी कॅट उगाच जास्त वेळ पिसला आणि दोनदा काटला. मग माझं मलाच ते दिसलं, आणि पत्ते खाली ठेवून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. माझ्या पोराला हे रात्री दोन वाजता होत असणार, पैसे लावलेले असताना. तोपर्यंत मी नुसती रागावलेली होते.

त्या रात्री मला आमच्या कंपनीतला एक मुलगा आठवला. तुला भोसरी आठवते ती दिवाळीच्या मिठाईच्या पुड्यामुळे. मी तिथे ३४ वर्षं इन्स्पेक्शनला काढली, त्यातलं काय काय घरी कधी सांगितलंच नाही. हा मुलगा आयटीआय करून नुकता लागलेला. बुशचा बोर, म्हणजे आतलं भोक, काढायचं काम, २५ मिलिमीटर, वर-खाली २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, चालतात. एक पीस ८ मायक्रॉनने मोठा निघाला की हा मशीनचा ऑफसेट, म्हणजे लावून ठेवलेलं माप, तेवढा कमी करी. पुढचा लहान निघाला की लगेच वाढवी. फार जीव लावून करत होता, एकही पीस न बघता सोडला नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नापास पिसांचा लाल ट्रे काठोकाठ भरला. मशीन सकाळपासून नीट होतं रे. पीस तेवढे इकडेतिकडे होणारच होते, ते हद्दीत होते. त्याने प्रत्येक पिसामागे हात लावला म्हणून ते हद्दीबाहेर गेले. मी त्याला म्हटलं, तू आता पाच पीस निघेपर्यंत हात खिशात घाल. त्याने खरंच घातले. तसाच उभा होता, कान लाल झालेला.

तुम्ही ज्याला टिल्ट म्हणता ते हेच असावं, असं मला वाटतं. तीन चांगले डाव गेले म्हणून चौथा वाकडा खेळायचा, मग वाकडा खेळून जे गेलं त्यासाठी पाचवा.

आमच्याकडे नियम होता. मापं टिपायच्या चार्टवर लागोपाठ सात टिंबं मधल्या रेघेच्या एकाच बाजूला पडली की थांबून बघायचं. एका बाजूला म्हणजे कुठल्याही, चांगल्या बाजूचीसुद्धा. सगळी रीडिंगं अगदी सुरेख यायला लागली की आमचे साहेब पहिलं म्हणायचे, गेज तपासा, मोजायचं साधनच चुकत नाही ना ते बघा. म्हणून तुला सांगते, तुझ्या हरण्यापेक्षा मला तुझं जिंकणं जास्त खुपतं आहे. चूक या पावसाळ्यात झाली नाही. ती झाली गेल्या वर्षी, तू जिंकत होतास तेव्हा, आणि तिच्यात मी आहे. ३० टक्के कर कापून उरलेल्या पैशांतून तू मला मोत्यांच्या कुड्या आणल्यास. मी त्या घालून भिशीला गेले आणि सगळ्यांना सांगितलं, माझा मुलगा डोक्याने कमावतो. मला तेव्हा इतकं बरं वाटलं होतं. चौथीच्या स्कॉलरशिपचा निकाल लागला तेव्हा बाबा तुला खांद्यावर घेऊन तांबड्या जोगेश्वरीपर्यंत गेले होते, तसंच काहीतरी. तेव्हा मी गेज तपासायला हवं होतं. घरात तेवढं एकच काम मला येतं आणि ते मी केलं नाही.

वाकडला तुझ्या आरशावर पिवळी चिठ्ठी होती. ‘दिवसात तीन बाय-इन गेले की बंद. चाळीस असल्याशिवाय वरच्या टेबलवर नाही.’ तुझं अक्षर. बाय-इन म्हणजे काय ते मी विचारलं होतं, तू चहा गाळता गाळता समजावलंस, टेबलावर बसताना घ्यायची रक्कम, आणि वरचं टेबल म्हणजे जास्त रकमेचं. किती शहाणपणाचा नियम, मला वाटलं, याला काही सांगायची गरजच नाही. जूनमध्ये लोणचं घेऊन आले तेव्हा चिठ्ठी नव्हती, आरशावर नुसता डिंकाचा डाग. मी तो नखाने खरवडून काढला आणि काही बोलले नाही.

हजारो डाव झाल्याशिवाय आपण चांगले खेळतो की पत्ते चांगले येताहेत हे कळत नाही, असं तूच मला सांगितलं होतंस. मग तीन महिन्यांच्या जिंकण्यावर वरच्या टेबलवर कसा बसलास? तिथे समोरचेही तुझ्याइतकेच हुशार असणार. शिवाय डावाडावातून टेबलवाला आपला रेक, म्हणजे कमिशन, काढून घेतोच. म्हणजे सगळे सारखे खेळले तर प्रत्येकाची मधली रेघ शून्याच्या खालीच, हे मला शिकवायला लागत नाही. त्या रेघेवर राहूनही महिनाभर वर जाता येतं, आणि चांगला खेळणाराही महिनोन्महिने खाली जातो. दोन्ही वेळा माणूस तोच असतो, आणि तरी एकदा तो स्वतःला देव समजतो आणि एकदा

पुरे. मी उपदेश करत सुटले. माफ कर. तुला यातलं माझ्यापेक्षा दसपट जास्त कळतं, आणि मी काही नवीन सांगत नाहीये.

खरं म्हणजे मी त्या एका वाक्याभोवतीच फिरते आहे. ‘तेवढं भरून निघालं की थांबतो.’ बघ, लिहिलंच शेवटी.

ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा तो कायदा आला तेव्हा, तुला राग येईल, पण मी देवापुढे साखर ठेवली होती. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही, आणि तुझं पैशांचं टेबल बंद. मला वाटलं सुटलो. नंतर लक्षात आलं की तू खाली असताना ते बंद झालं. कुणी भरल्या ताटावरून उठवावं तसं झालं असेल तुला. आणि आता तो कोण मित्र बाहेरच्या साइटची लिंक देतो आहे, डॉलरमध्ये, क्रिप्टोतून पैसे भरायचे म्हणतो. कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड आहे, हे तू ताईला सांगितलंस ते बरोबर आहे. पण चालवणारा कुठे बसलाय हेच माहीत नसेल, तर उद्या जिंकलेले पैसे अडकले की मागायचे कुणाकडे? आणि मुख्य म्हणजे, ते नवीन टेबल तुझ्या जुन्या टेबलाचं काही देणं लागत नाही. सव्विसावा डाव मांडला तेव्हा माझे एक्के ८२ च होते. आधीचे तीन गेले म्हणून ते ९० झाले नव्हते.

हे शब्द मी या घरात आधी ऐकलेत. बाबांचं ९२ साल तू अर्धवट ऐकलं आहेस. चुगली म्हणून सांगत नाही, त्यांच्या बाजूने सांगते. आमच्या लग्नाला वर्ष झालं होतं. ऑफिसात सगळेच घेत होते, यांनीही सिमेंटचे शेअर घेतले. तीन-चार महिने रोज संध्याकाळी येताना काहीतरी आणायचे, कधी आंबा बर्फी, कधी गजरा. मग एप्रिलमध्ये घोटाळा बाहेर आला आणि बाजार पडायला लागला. पहिल्या आठवड्यात विकले असते तर थोडक्यात निभावलं असतं. पण स्वस्त झालाय, अजून घेतो, भाव फिरला की सगळं भरून निघेल, असं म्हणत ते घेत राहिले. माझ्या पाटल्या त्यात गेल्या. आजीने त्या पाटल्यांचं नाव कधी काढलं नाही, पण हळदीकुंकवाला जाताना स्वतःच्या दोन काढून माझ्या हातात घालायची आणि घरी आल्यावर मी परत द्यायची, असं पाच-सहा वर्षं चाललं. तुझे बाबा बावळट नव्हते. आजही घरातला पैन् पैचा हिशोब तेच ठेवतात. मला कळायच्या आत सगळं होतं तसं करून ठेवायची त्यांना घाई झाली होती, एवढंच. पाटल्यांचं मला तेव्हाही फार वाटलं नाही. ते रात्री उठून अंधारात बसायचे आणि मी विचारलं की पाणी प्यायला उठलो म्हणायचे, ते मला अजून आठवतं.

त्या दिवशी गॅलरीतला तुझा आवाज त्यांनीही ऐकला. ते काही बोलले नाहीत. उठून गौरींसमोर गेले आणि समईच्या वाती सारख्या करत बसले. वाती चांगल्या जळत होत्या.

आता पैशाचं. माझी ग्रॅच्युइटी आली आहे, अजून हात लावलेला नाही. मित्राचे उसने आणि कर्जाच्या ॲपचं काय ते, हे सगळं तू एका कागदावर लिहून आण. मोठा आकडा असला तरी आण. देणेकऱ्यांचं आपण बसून फेडू, मी तुला त्यावरून घालून पाडून बोलणार नाही. पण टेबलावर गेलेलं परत आणायला माझ्याकडून एक रुपया मिळणार नाही. ते गेलेलं आहे. लाल ट्रेमधला पीस आहे तो, पुन्हा मशीनला लावायचा नसतो.

कठोर लिहिलं का? तुझी नोकरी चालू आहे, तू सत्तावीस वर्षांचा आहेस, तुला वेळ आहे. हे लिहिताना मात्र माझा हात थरथरतो आहे, अक्षरावरून कळेलच.

एक नंबर देते, १४४१६. टेलिमानसचा, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत. मी स्वतः लावून बघितला, मराठीत बोलतात. मी म्हटलं माझा मुलगा पत्त्यांत हरतोय आणि झोपत नाही. पलीकडच्या मुलीने पहिलं विचारलं, तुम्ही झोपता का? तुझं नाव सांगितलं नाही. वाटलं तर लाव, नाही वाटलं तर राहू दे.

झोपत जा. दोननंतर फोन बाहेरच्या खोलीत ठेव. राजमा खाऊन पोट बिघडतं तुझं, तरी डबेवाल्याकडून तोच मागवतोस असं ताई म्हणाली. आजीचं श्राद्ध नवमीला, सोमवारी आहे. रजा मिळाली तर ये, नाहीतर रविवारी रात्री मुक्कामाला ये, मेट्रोने आलास तर स्टेशनपासून चालत पाच मिनिटं. बाबांशी आधी तू बोल. त्यांना सुरुवात करता येत नाही, तुला येते. आणि माझे दोन स्टीलचे डबे तिकडे आहेत, झाकणांसकट आण.

तुझी,
आई

ता. क. कॅट टेबलावरच ठेवला आहे. आलास की चौघं मेंढीकोट खेळू, ताई आणि बाबा एकीकडे.

ती लिंक उघडलीस का, तेवढं मात्र कळव. नुसतं हो किंवा नाही लिहिलंस तरी चालेल.