ग्लास ब्लोइंगच्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

शोधनिबंधाच्या शेवटी आभाराच्या दोन-तीन ओळी असतात. निधी देणारी संस्था, एनएमआरवाले, मायक्रोस्कोपवाले, एवढ्यातच त्या संपतात. प्रयोगांची काचेची उपकरणं घडवणाऱ्या ग्लास ब्लोइंग विभागाचं नाव तिथे क्वचित येतं, म्हणून चारचौघांत लिहितेय.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. वायूंतून कार्बन डायऑक्साइड अमाइनने, म्हणजे नायट्रोजन असलेल्या अल्कधर्मी रसायनाने, धरायची कल्पना जुनी, रॉबर्ट बॉटम्सचं पेटंट 1930 चं. साधारण 30 टक्के मोनोइथेनॉलअमाइन आणि बाकी पाणी, असं द्रावण आजही चालतं. पण धरलेला वायू सोडवायला ते सगळं पाणी 120 अंशांपर्यंत तापवा! म्हणून आम्ही अमाइन सच्छिद्र घन पदार्थात बसवतो. त्याला म्हणतात कोव्हॅलंट ऑरगॅनिक फ्रेमवर्क, बोलताना नुसतं 'कॉफ'. बर्कलीत ओमर याघींच्या गटाने 2024 मध्ये दाखवलेला असाच एक कॉफ 60 अंशांना वायू सोडतो.

आमचा कॉफ बनतो बंद काचनळीत. मिश्रण द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायचं, व्हॅक्यूम लावायचा, वितळू द्यायचं, पुन्हा गोठवायचं. ऑक्सिजन मागे राहिला तर सुरुवातीचे अमाइनच काळवंडतात. मग नळी ज्योतीवर सील करून तीन दिवस ओव्हनमध्ये. शोधनिबंधांत या सीलिंगला अर्धं वाक्य मिळतं. प्रत्यक्षात व्हॅक्यूम चालू असताना काच मऊ झाली की आत ओढली जाते, आणि ज्योत एकाच बाजूला रेंगाळली तर भिंत पातळ होते. तीच पुढे दाबाने फुटते. "आधी मान जाड कर, मगच गळा दाब," हे तुमचं वाक्य आता आमच्या लॅबमध्ये नव्या मुलांना पहिल्या दिवशी ऐकवलं जातं. मोडक्या नळ्यांवर तुम्ही माझा हात बसवलात, पोलारिस्कोपखाली काचेतला ताण रंगांत कसा दिसतो ते दाखवलंत. हे मला कुठल्याच कोर्समध्ये शिकवलं नव्हतं, आणि शिकवायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

हवेत कार्बन डायऑक्साइडचे रेणू दहा हजारांत जेमतेम चार, हे ऐकून तुम्ही म्हणालात, "म्हणजे पोत्यातून मोहरी निवडायची!" निवडावी लागत नाही, काका. तो आम्लधर्मी, अमाइन अल्कधर्मी; तो आपणहून चिकटतो, हवेतले नायट्रोजन-ऑक्सिजन तसेच पुढे जातात. कोरड्या वायूत त्याच्या एका रेणूला सहसा दोन अमाइन लागतात, ओलावा असला तर एकावरही भागू शकतं. हे तपासायला वायू पाण्यातून बुडबुड्यांनी न्यायला हवा होता. बाजारातला बबलर आमच्या जोडणीत बसेना, तुम्ही सिंटर्ड डिस्क, म्हणजे सच्छिद्र काचेची चकती, लावून नवा घडवून दिलात. कोरड्या आणि ओल्या वायूचे आलेख आता एकाच कागदावर आहेत, ओल्याचा वर चढलेला. छापील प्रत घेऊन येते.

त्याच बबलरची थोडी मोठी आवृत्ती हवी आहे. मागणीचा फॉर्म भरलाय, चित्र मात्र तुमच्यासमोर बसूनच काढीन.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची पोस्टडॉक