उसन्या स्क्रिप्टची एक ओळ

महोदय,

एका पतसंस्थेची वेबसाइट मी सांभाळतो. जुन्या ब्राउझरना नव्या सोयी देणारी स्क्रिप्ट (पानात चालणारा छोटा प्रोग्रॅम) पुरवणारं ‘पॉलिफिल डॉट आयओ’ हे डोमेन विकलं गेल्यावर तिथल्या स्क्रिप्टमधून घातक कोड येतोय, हे जून २०२४ मध्ये उघड झालं. लाखावर साइट्स तिच्यावर विसंबलेल्या. रात्री अकराला आमच्या साइटची हेडर फाइल (प्रत्येक पानाच्या सुरुवातीला जोडला जाणारा कोड) उघडली, तर नवव्या ओळीवर ती स्क्रिप्ट मागवणारी ओळ! मीच २०१८ साली चिकटवलेली.

सर्व्हर आपला, पण परक्या सर्व्हरवरचा कोड आपल्याच पानाच्या अधिकाराने चालतो. लॉगिनचा रकानाही त्याला मोकळा. हॅशने, म्हणजे फाइलच्या डिजिटल ठशाने, पडताळावं, तर ही स्क्रिप्ट ब्राउझरगणिक बदलायची. ठसा जुळणार कसा?

ओळ काढली. काहीच बिघडलं नाही. म्हणजे सहा वर्षं उगाचच होती! पतसंस्थांच्या ऑडिटमध्ये अशा उसन्या स्क्रिप्टची यादी मागायला हवी.

– एक वेब डेव्हलपर, सांगली