डिस्चार्ज कार्डावर फुप्फुसांचा रकाना हवा

मा. आरोग्यमंत्री, गोवा राज्य
सप्रेम नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातली एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका. माझी नात २७व्या आठवड्यात जन्मली, वजन ९२० ग्रॅम. हृदयाजवळची एक नळी आईच्या पोटात बाळाच्या उपयोगाची असते; पूर्ण दिवसांच्या बाळात ती जन्मानंतर दोन-तीन दिवसांत मिटते. हिची मिटली नाही; याला डॉक्टर पीडीए म्हणतात. औषधाचे दोन कोर्स झाले, शेवटी शस्त्रक्रिया करून नळी बांधली. "पीडीए बंद झाला," डॉक्टर म्हणाले. आम्ही वाड्यावर पेढे वाटले.

जरा घाईच केली. नळी उघडी असते तोवर महाधमनीतलं रक्त फुप्फुसांकडे वळतं, ती जड होतात आणि व्हेंटिलेटर सुटत नाही. त्यात हवेच्या पिशव्याच मुळी पुरत्या तयार झालेल्या नसतात. व्हेंटिलेटरचा दाब आणि ऑक्सिजन जीव वाचवतात, पण तीच फुप्फुसं दुखावतातही. याला बीपीडी म्हणतात. हा आजार १९६७ पासून वैद्यकाला ठाऊक आहे, आणि नळीवर उपचार झाले म्हणून तो टळतोच असं नाही. ब्रिटनमधल्या ६५३ बाळांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२४ साली आला: नळी मिटवण्यासाठी आयबुप्रोफेन हे औषध लवकर देऊनही बीपीडी किंवा मृत्यूचं प्रमाण घटलं नाही. डॉक्टरांना हे सांगणारी मी कोण? पण आईबापांना कुणीतरी सांगायला हवं ना.

नातीच्या डिस्चार्ज कार्डावर हृदयाबद्दल सहा ओळी होत्या, फुप्फुसांबद्दल एकही नाही. गर्भाचे दिवस धरून ३६ आठवडे भरले तेव्हाही तिला ऑक्सिजन लागत होता, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. चवथीच्या आदल्या आठवड्यात तिला सर्दी झाली, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगे पडू लागले. इस्पितळात नव्या डॉक्टरांनी कार्ड वाचलं. "हृदय ठीक आहे, घाबरू नका." संध्याकाळी रक्तातला ऑक्सिजन ८४ टक्क्यांवर आला. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. कार्डात जे नव्हतं ते त्यांना कसं कळावं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. मुलांमध्ये तपासायच्या त्याच्या ३० आजारांच्या यादीत जन्मजात हृदयविकार आहे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा डोळ्यांचा विकारही आहे. त्याच बाळांच्या या फुप्फुसविकाराचं नाव नाही. केंद्राची यादी बदलायला वेळ लागेल. गोव्याचं कार्ड बदलायला का लागावा? किती दिवस व्हेंटिलेटर, किती दिवस ऑक्सिजन, ३६ आठवड्यांना काय स्थिती, एवढंच छापा.

दुसरं गाऱ्हाणं विजेचं. घरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) विजेवर चालतो, आणि पावसात फणसाची फांदी तारेवर पडली की आमच्याकडे सकाळपर्यंत काळोख. दोन रात्री मुलगा शेजारगावातून सिलिंडर घेऊन आला. असं बाळ घरी पाठवताना आरोग्य केंद्रातून एक लहान सिलिंडर उसना द्यावा आणि त्या घराचा पत्ता वीज खात्याला कळवावा. (नरकासुर जाळतात त्या पहाटेच्या धुराचं काय करायचं, हे मात्र मलाही सुचत नाही. आम्ही खिडक्या लावून बसतो.)

या बाळांची फुप्फुसं तपासायला म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांत महिन्यातून एक दिवस ठेवता आला, तर काणकोणच्या आईला दर वेळी बांबोळीचं मोठं सरकारी इस्पितळ गाठावं लागणार नाही.

नात आता दीड वर्षाची आहे, ऑक्सिजन सुटलाय. कार्डाचा नवा नमुना येत्या पावसाआधी छापून झाला तर बरं.

आपली,
सत्तरीतली एक आजी