चित्राखाली आईचं नाव

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर जुन्या चित्राचा विषय निघाला आणि मी गप्प झाले. बाबांना ते लागलं असणार. बोलून जमलं नाही, म्हणून लिहिते आहे.

बाबा, तुम्ही काढलेलं आईचं ते चित्र मला लहानपणापासून आवडतं. खिडकीशी बसलेली आई, किंचित झुकलेली मान, मांडीवर रिकामे हात. खाली तुमच्या सुरेख अक्षरात ‘शांती’. मागे एकदा आईला त्याबद्दल विचारलं, तर म्हणाली, “ह्यांनी चष्मा काढायला लावला होता. समोरचं काही दिसत नव्हतं, आणि पाठ नुसती भरून आली होती.” तेव्हापासून मला त्या चित्रात तिची पाठच दिसते.

सध्या चित्रकलेवरच वाचते आहे. स्वातंत्र्य, न्याय, विजय, वसंत, सगळ्याला पुरुषांनी बाईचा चेहरा दिला. देलाक्रवा या फ्रेंच चित्रकाराने १८३० साली स्वातंत्र्य म्हणून बाई रंगवली, तिच्या हाती झेंडा दिला. त्याच फ्रान्समधल्या बायकांना मताचा हक्क मिळाला १९४४ साली!

मिले या इंग्रज चित्रकाराच्या ‘ऑफेलिया’चं, पाण्यात बुडणाऱ्या तरुणीच्या चित्राचं, वाचून तर पोटात कालवलं. त्यासाठी मॉडेल म्हणून एलिझाबेथ सिडल ऐन हिवाळ्यात पाण्याने भरलेल्या टबात पडून राहायची. पाणी कोमट राहावं म्हणून खाली दिवे ठेवलेले. एकदा ते विझले, मिलेच्या लक्षात आलं नाही, आणि ती बोलली नाही. आजारी पडली. ती स्वतः चित्रं काढायची, कविता लिहायची, हे किती जणांना माहीत असतं? एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराच्या ‘ऑलिंपिया’ चित्रासाठी बसलेली व्हिक्तोरीनही चित्रकार होती. १८७६ साली पॅरिसच्या सालाँ प्रदर्शनात तिचं काम घेतलं गेलं, त्या वर्षी मानेचं नाकारलं होतं. हे वाचून मला फार बरं वाटलं.

बाबा, तुम्ही प्रेमानेच काढलंत, त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण शांती तुम्हाला हवी होती. आई त्या दुपारी अवघडून बसली होती.

पुढच्या महिन्यात येते आहे, येताना जाड कागद आणते. आईला पुन्हा बसवा. चष्म्यासकट, तिला हवं तसं. मध्येच उठावंसं वाटलं तर उठू द्या. आणि खाली तिचं नाव लिहा.

आई, एक कागद तुझ्यासाठीही आणते. बाबांना समोर बसव.

तुमची,
लेक